जसेच्या तसे : प्रोग्रॅमरांच्या खुणा आणि मराठी लेखन

चेन्नईच्या त्यागरायनगरात, ज्याला सारे शहर टी. नगर म्हणूनच ओळखते, मी निवृत्तीनंतर मुलीकडे राहावयास आलो त्याला आता काही वर्षे झाली. आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकविलेल्या माणसाला ह्या भागात करण्यासारखे फारसे काही नसते. सकाळी पानगल पार्कात दोन फेऱ्या माराव्या, संध्याकाळी रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत शिरण्याचे टाळावे, आणि मधल्या वेळात कोणी पाठविलेली मुद्रिते तपासावी, असा दिनक्रम. मुद्रितशोधन ही माझी जुनी खोड आहे. चुकलेली वेलांटी डोळ्यांना खड्यासारखी टोचते, आणि ती दुरुस्त केल्यावाचून पुढे जाववत नाही. ह्या खोडीने आजवर कोणाचे काही बिघडले असेल असे मला वाटले नव्हते.

काही काळापूर्वी महाराष्ट्रातील एका संस्थेने एक लहानशी पुस्तिका माझ्याकडे पाठविली. ग्रामीण भागातील मुलांना संगणकाचे प्रोग्रॅम लिहावयास मराठीतून शिकवावे, असा तिचा स्तुत्य हेतू. मी ती भाषेच्या दृष्टीने पाहून द्यावी एवढीच अपेक्षा होती. मी ती मनापासून पाहिली, आणि मराठी मजकुराबरोबर मधूनमधून छापलेले प्रोग्रॅमही तितक्याच मनापासून पाहिले. त्यांत शब्दांभोवती सरळ उभी, दोन्ही बाजूंना सारखीच दिसणारी अवतरणचिन्हे होती. टंकलेखनयंत्राच्या काळातील दारिद्र्य समजून मी त्यांच्या जागी छापखान्यात वापरतात तशी, उघडणारी आणि मिटणारी, डौलदार चिन्हे घातली. एके ठिकाणी लागोपाठ दोन संयोगचिन्हे होती. त्यांचे एक अपसारणचिन्ह केले. काही ओळी विनाकारण आत सरकलेल्या दिसल्या, कोठे चार अक्षरांइतक्या, कोठे आठ. जुळाऱ्याचा गबाळेपणा म्हणून त्या साऱ्या मी डाव्या समासाला नेऊन भिडविल्या. पान कसे स्वच्छ दिसू लागले.

पुस्तिका छापली गेली, शाळांत पोहोचली, आणि एका शिक्षकांचे पत्र आले. पुस्तिकेतील बहुतेक प्रोग्रॅम चालत नव्हते. मुलांनी अक्षर अन् अक्षर पाहून उतरविले होते, आठ-आठ दिवस तेच पुन्हा उतरविले होते. आणि पुस्तकात छापलेले चुकीचे असू शकते ही कल्पना त्या वयाच्या मुलांच्या मनाला शिवत नसल्यामुळे, चूक आपलीच आहे असे धरून अखेर त्यांनी तो नादच सोडला होता. पत्रात तक्रारीचा सूर नव्हता. आपल्या मुलांना हे जमत नसावे, एवढेच त्या शिक्षकांनी लिहिले होते. ते वाक्य मला अजून पुसता आलेले नाही.

माझा भाचा चेन्नईतच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एका तमिळ मित्राबरोबर खोली घेऊन राहतो. रविवारी तो जेवावयास येतो. त्याला मी पुस्तिका दाखविली. त्याने दोन पाने उलटली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही भाषा सुधारली नाहीत, प्रोग्रॅम मोडलेत." मग त्याने समजावून सांगितले ते असे. सरळ चिन्हे आणि वक्र चिन्हे ही माणसाला एकाच वस्तूची दोन रूपे वाटतात. यंत्राच्या दृष्टीने ती 'क' आणि 'ख' इतकी वेगळी. दोन संयोगचिन्हे म्हणजे एक आज्ञा होती. माझे अपसारणचिन्ह म्हणजे यंत्राच्या लेखी काहीच नव्हे. आणि त्या आत सरकलेल्या ओळी! पायथन नावाची जी भाषा पुस्तिकेत शिकविली होती, ती गीदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तीत कोणती आज्ञा कोणत्या अटीच्या पोटात आहे हे ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेवरून ठरते. कोऱ्या जागेलाही तेथे अर्थ असतो. आपण मराठीच्या वर्गात मुलांना सांगतो की ओळींच्या मधले वाचावयास शिका. येथे ओळीच्या आधीचे वाचावयाचे होते, आणि मी ते पुसून टाकले होते.

त्या दिवसापासून मी ह्या मंडळींचे लेखन कुतूहलाने पाहू लागलो. प्रोग्रॅम नव्हे, त्यांचे गद्य. एक प्रोग्रॅमर दुसऱ्याला काही विचारतो तेव्हा तो ते लिहूनच विचारतो, शेजारच्या टेबलावर बसला असला तरी. आणि उत्तरही लेखीच येते. ह्या प्रश्नोत्तरांत दोन भाषा सतत एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक माणसाची, बहुधा मोडकीतोडकी इंग्रजी, दुसरी यंत्राची. एका वाक्यात 'हे छापले जात नाही' असे म्हणावयाचे असते आणि त्याच वाक्यात 'छाप' ह्या अर्थाची आज्ञाही द्यावयाची असते. कोणता शब्द माणसाचा आणि कोणता यंत्राचा हे कळले नाही तर उत्तर देणारा भलत्याच दिशेला जातो. म्हणून त्यांनी एक खूण ठरविली आहे. कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात वर एक कोणाला न लागणारी कळ असते. तिच्यावर मागे झुकलेली एक बारीक तिरपी रेघ असते. तिला ते बॅकटिक म्हणतात. यंत्राचा शब्द आला की त्याच्या आधी एक आणि नंतर एक, अशा दोन रेघा घालावयाच्या. पाच-दहा ओळींचा उतारा असेल तर वर तीन आणि खाली तीन. वाचणाऱ्याच्या पडद्यावर त्या रेघा नाहीशा होतात आणि आतील मजकूर करड्या पार्श्वभूमीवर, टंकलेखनयंत्रासारख्या समान रुंदीच्या अक्षरांत दिसतो. तेवढा मजकूर तेथून उचलून यंत्राला द्यावा. त्यातील एक ठिपकाही हललेला नसतो.

ह्या रेघेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ती कळफलकावर आली ती फ्रेंच, इटालियन यांसारख्या भाषांतील स्वरावर आघात दाखविण्यासाठी. १९६० च्या दशकात अमेरिकेत संगणकासाठी अक्षरांची प्रमाणसूची ठरली तीत तिला जागा मिळाली. पण इंग्रजी लिहिणाऱ्यांना तिचा काही उपयोग नव्हता, म्हणून ती रिकामी राहिली. रिकाम्या माणसाला गावात जशी कामे चिकटतात तशी तिलाही चिकटली. ठळक किंवा तिरपा टाइप ज्या काळी पत्रात उमटविता येत नसे त्या काळी शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका किंवा खालची रेघ घालून जोर दाखविण्याचा प्रघात पडला होता. जॉन ग्रूबर ह्या अमेरिकन लेखकाने २००४ मध्ये, एरन स्वॉर्ट्‌झ ह्या तरुणाच्या मदतीने, असले प्रघात एकत्र करून 'मार्कडाउन' नावाची पद्धती प्रसिद्ध केली. आज जगभरचे प्रोग्रॅमर कमीअधिक फरकाने तीच वापरतात. तिच्यामागचा विचार मला पटतो. खुणा अशा असाव्या की त्यांचे रूपांतर झाले नाही तरी कच्चा मजकूर माणसाला सुखाने वाचता यावा.

परंतु 'हे जसेच्या तसे' ही खूण मात्र ह्याहून जुनी आहे. कर्निघन आणि रिची यांचे 'सी' भाषेवरील प्रसिद्ध पुस्तक १९७८ मध्ये निघाले. त्यात विवेचन एका टाइपात आणि प्रोग्रॅम टंकलेखनयंत्राच्या धर्तीच्या वेगळ्या टाइपात आहे. त्या पुस्तकाची अक्षरजुळणी लेखकांनी स्वतःच, संगणकाला जोडलेल्या यंत्रावर केली होती. डॉनल्ड क्नूथ यांनी तर १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाची नवी मुद्रिते पाहून वैतागून जुळणीसाठी एक संपूर्ण नवी व्यवस्थाच रचावयास घेतली. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये माझ्यासारखा भाषा सुधारणारा कोणी उभा राहू नये, अशीच ही सारी योजना दिसते. मला त्याचा राग येत नाही. मी काय केले ते मला ठाऊक आहे.

आता ह्यात नवे ते काय, असे ह्या नियतकालिकाचे वाचक विचारतील. आणि ते बरोबरच आहे. शब्द वापरणे वेगळे आणि शब्दाविषयी बोलणे वेगळे, हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. पाणिनीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील अडुसष्टावे सूत्र हेच सांगते की व्याकरणशास्त्रात शब्द आला की तो आपल्या अर्थाचा नव्हे, आपल्या स्वतःच्या रूपाचा बोध करतो. अपवाद फक्त शास्त्राच्या संज्ञांचा. अग्नीला प्रत्यय लावा असे सांगितले तर तो निखाऱ्याला लावावयाचा नसतो. व्यवहारात शब्द अर्थ दाखवितो आणि 'इति' जोडला की रूप दाखवितो. पाणिनीच्या शास्त्रात उलट, मुळात रूप आणि 'इति'ने अर्थ. आजच्या भाषेत सांगावयाचे तर पाणिनीचा सारा ग्रंथच बॅकटिकमध्ये आहे, आणि 'इति' ही त्यातून बाहेर येण्याची वाट आहे.

साम्य येथेच संपत नाही. पाणिनीचे अनुबंध घ्या. 'क्त' प्रत्ययातील 'क्' प्रयोगात कोठेच ऐकू येत नाही. 'कृत' शब्दात उरतो तो केवळ 'त'. तो 'क्' एक सूचना देऊन लुप्त होतो: येथे गुण करू नये. बॅकटिकही असेच, काम सांगते आणि नाहीसे होते. (ह्यावरून संस्कृत ही संगणकाला सर्वांत सोयीची भाषा आहे असे म्हणणाऱ्यांच्या मेळ्यात मी सामील झालो असे कोणी समजू नये. त्या विधानाचा मला कंटाळा आहे. पाणिनीने संगणकासाठी काही केले नाही. त्याने खुणांचा विचार केला, एवढेच, आणि तेवढे पुष्कळ आहे.)

मला जो मुद्दा येथे अधिक महत्त्वाचा वाटतो तो खुणा हरविण्याचा. उपदेशातील अनुनासिक स्वर 'इत्' समजावा असे पाणिनीने सांगितले. अधिकारसूत्र ओळखण्यासाठी स्वरिताची खूण ठरविली. परंतु परंपरेने जो पाठ आपल्या हाती आला त्यात ती अनुनासिकेही उरली नाहीत आणि ते स्वरितही. कोणता स्वर अनुनासिक होता हे आता पाणिनीयांच्या प्रतिज्ञेवरून, म्हणजे परंपरेने सांगितले म्हणून, मानावयाचे. शब्द राहिले आणि खुणा गेल्या. शब्द म्हणजे ग्रंथ आणि खुणा म्हणजे सजावट असे प्रत करणाऱ्याला वाटत असावे. मी त्या पुस्तिकेतील ओळी समासाला भिडविल्या तेव्हा मलाही नेमके तसेच वाटले होते, फक्त माझ्या बाबतीत टीकाकारांची परंपरा पाठीशी नव्हती. ती मुले एकटी होती.

आपल्या बोलण्यात 'इति'चे काम कोण करतो? भाचा आणि त्याचा तमिळ मित्र जिन्यात बोलत असताना एकदा माझ्या कानांवर तमिळ वाक्य पडले: वरेन्नु सोन्नान. शब्दशः 'येतो म्हणून म्हणाला'. त्यातील 'न्नु' म्हणजे लेखी तमिळातील 'एन्रु'. तो 'म्हणणे' ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे, जसा आपला 'म्हणून' 'म्हणणे'पासून. दोन्ही भाषा बोलणाऱ्याचे वाक्य त्याच्याच प्रथमपुरुषात जसेच्या तसे ठेवतात आणि शेवटी एक शब्द लावून सांगतात की इथवर त्याचे. आपल्याकडे फारसी वळणाचा 'की'ही आहे: 'तो म्हणाला की मी येतो'. पण ह्यांतील एकही साधन पुरे नाही. 'म्हणून' आणि 'असे' उतारा मिटतात पण तो कोठे उघडला ते सांगत नाहीत. 'की' उतारा उघडतो आणि तो कोठे मिटला हे ऐकणाऱ्याने ताडावयाचे. 'तो म्हणाला की मी येतो आणि पैसे तू दे' ह्यात पैसे कोणी द्यावयाचे ह्यावरून भांडण होऊ शकते. बॅकटिक दोन्हीकडून दार लावते. आत तीच रेघ मजकुराचा भाग म्हणून आली तर बाहेर दोन-दोन रेघा घालावयाच्या, अशीही सोय त्यांनी केली आहे.

लेखनात ही कडी आपण फार उशिरा बसविली. मोडीत तर आधी पानभर शिरोरेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली अक्षरे लोंबती ठेवीत जावयाचे. शब्द तोडण्याचीदेखील पद्धत नव्हती, मग अवतरण कोठले? येथून दक्षिणेला तंजावरच्या सरस्वती महालात मराठी मोडी कागदांचे जे गठ्ठे आहेत ते वाचणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे: निरोप कोठे संपला आणि निरोप्याचे मत कोठे सुरू झाले? शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती तरी का करावी लागली? ओव्यांत ओव्या मिसळल्या होत्या आणि मिसळणाऱ्याने आपली ओवी म्हणून खूण ठेविली नव्हती. १८५० मध्ये मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हांवर पुस्तिका लिहून इंग्रजी चिन्हे मराठीत रूढ करावयास घेतली. अवतरणचिन्ह आपल्याकडे स्थिरावले ते त्या वळणाने. पण आल्यावर त्याच्यावर आपण किती ओझी लादली! ते बोलणे दाखविते, ग्रंथाचे नाव दाखविते, शब्दाविषयी बोलणे दाखविते आणि कोणाच्या 'विद्वत्ते'विषयी शंका असेल तर तीही तेच दाखविते. चार कामे करणारा नोकर एकही काम जबाबदारीने करीत नाही.

त्यातल्या त्यात जे काम त्याच्याकडून मुळीच होत नाही ते म्हणजे 'ह्याला हात लावलेला नाही' ही हमी. आणि ह्या बाबतीत दोष चिन्हाचा नाही, आपल्या वृत्तीचा आहे, असे मी म्हणतो. पुरावा हाताशी आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतील उतारे मूळाप्रमाणे छापावे, परंतु त्यानंतरचे सारे, खुद्द ह्या दोघांचे लेखनही, महामंडळाच्या नियमांनुसार छापावे, असा त्यांत एक नियम आहे. म्हणजे १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'तील एखादे वाक्य मी आज अवतरणचिन्हांत देतो तेव्हा नियम मला ते बदलावयास सांगतो, आणि बदलले आहे हे सांगण्याची कोणतीही खूण सुचवीत नाही.

नियम करणाऱ्यांची अडचण मला दिसते. शाळेतील मुलाने एकाच पानावर दोन शुद्धलेखने पाहू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू असावा, आणि पाठ्यपुस्तकापुरता तो योग्यही आहे. पण गेलेली वस्तू लहान नव्हती. जुन्या लेखनात 'नांव' आणि 'नाव' हे दोन शब्द होते, एक माणसाचे आणि एक नदीतील. 'घरीं' ह्यावरील अनुस्वार सप्तमी सांगत असे, 'केलें' ह्यावरील नपुंसकलिंग. उच्चारात नसलेले हे अनुस्वार म्हणजे व्याकरणाच्या खुणाच होत्या. ते आपण नव्या लेखनातून काढले ह्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र मेलेल्या माणसाच्या वाक्यातून ते काढून ती वाक्ये त्याचीच म्हणून अवतरणचिन्हांत छापणे, हे एखाद्या प्रोग्रॅमरला सांगून पाहा. मी भाच्याला सांगितले. त्याला वाटले मी थट्टा करतो आहे.

असे नव्हे की मराठी मुलखाला दुसरी रीत ठाऊक नव्हती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे संपादन हाती घेतले. त्यांचे आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले आणि सर्व पर्वे १९६६ पर्यंत. त्या आवृत्तीत जेथे पाठ संपादकाला पूर्ण निश्चित वाटत नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. त्या एका रेघेत केवढी सचोटी आहे! संपादक सांगतो आहे की हे मी निवडले, पण शपथ घेणार नाही. फॉरमॅटिंग म्हणून प्रोग्रॅमर ज्याला म्हणतात त्याचा इतका उदात्त उपयोग मला दुसरीकडे दिसलेला नाही. ती रेघ मात्र संशोधन मंदिरातच राहिली. आमच्या समीक्षाग्रंथांत, प्रबंधांत, चरित्रांत ती उतरली नाही.

टी. नगरातच दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा आहे आणि तिच्या हिंदी प्रचार प्रेसचा शिक्का असलेली नागरी पुस्तके जुन्या बाजारात अजून मिळतात. ह्या तमिळ वस्तीत नागरी खिळे जुळविणाऱ्यांविषयी मी पुष्कळदा विचार करतो. छापखान्यात एक जुना समज आहे, आणि पाठचिकित्सकही तो मानतात, की ज्याला भाषा येत नाही तो जुळारी कमी घातक. तो दिसेल ते जुळवितो. ज्याला भाषा येते तो सुधारतो.

प्रोग्रॅमर मंडळींची ही खूण निर्दोष आहे असे मात्र मला म्हणावयाचे नाही. ज्या वस्तूला किंमत येते तिची नक्कल होतेच. करड्या पार्श्वभूमीवरचा शब्द उठून दिसतो, म्हणून आता कित्येक जण कंपनीचे नाव, यंत्राचे नाव, एखादी कल्पना, जे महत्त्वाचे वाटेल ते बॅकटिकमध्ये घालतात. जुनेजाणते त्यावरून रागावतात, आणि नवे म्हणतात की दिसावयास बरे दिसते. मी जुन्यांच्या बाजूचा आहे. जोर द्यावयाचा तर त्यासाठी ठळक टाइप आहे. 'हे जसेच्या तसे यंत्राला द्या' असे सांगणारी खूण शोभेसाठी वापरली की ती खोटी साक्ष देऊ लागते. दुसरे काही जण मजकूर देण्याऐवजी पडद्याचे छायाचित्रच पाठवितात, ज्यातून एक अक्षरही उचलता येत नाही. आणि अलीकडे यंत्राकडूनच लिहून घेतलेली उत्तरे येऊ लागली आहेत. त्यांत दर दोन ओळींमागे एक शब्द ठळक आणि प्रत्येक विचाराला एक टिंब असते. ती वाचताना ओरडून बोलणाऱ्या माणसाशेजारी बसल्यासारखे वाटते.

नागरीच्या अडचणी तर आणखीच वेगळ्या. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. तिरपा टाइप रोमन लिपीत शोभतो तसा येथे शोभत नाही. शब्दाखाली रेघ ओढावी तर ती उकारांना कापते. आणि समान रुंदीच्या चौकटीत 'र' आणि 'क्ष' एका मापाचे बसविले तर दोघेही दुःखी होतात. म्हणून नागरीत 'जसेच्या तसे' दाखवावयाचे तर टाइपच्या रूपावर विसंबता येत नाही, दोन्ही बाजूंना खूणच हवी. त्यातच नागरीतल्या काही जोड्या अशा आहेत की डोळ्याला फरक दिसत नाही. 'दुःख' ह्यात विसर्ग हवा तेथे निम्मा महाराष्ट्र अपूर्णविराम टंकित करतो. 'ॲ' ह्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले; त्यापूर्वी आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवीत. छापल्यावर दोन्ही सारखीच, शोधावयास गेले तर यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. उद्या मराठी ग्रंथांचे शोधण्याजोगे संग्रह करू म्हणणाऱ्यांना ही गोष्ट आज कोणी सांगितली पाहिजे: मूळ प्रतीत काय होते आणि आपण काय सरळ केले, ह्याची नोंद आत्ताच ठेवली नाही तर ती पुढे कोणालाच ठेवता येणार नाही.

माझी सूचना फार मोठी नाही. बोलणे, ग्रंथनाम आणि उपरोध ही कामे अवतरणचिन्हाकडे खुशाल राहू द्यावी. मूळाबरहुकूम दिलेल्या मजकुरासाठी मात्र एक निराळी खूण ठरवावी. ती बॅकटिकच असावी असा माझा हट्ट नाही, पण प्रत्येक कळफलकावर ती फुकट पडली आहे हे विसरू नये. ती खूण दिसली की मुद्रितशोधकाने लेखणी खाली ठेवावी. विद्यापीठांनी प्रबंधासाठी आणि नियतकालिकांनी लेखासाठी एवढा एक नियम केला तरी पुरे. ज्यांना उतारा नव्या शुद्धलेखनात हवा असेल त्यांनी तो तसा द्यावा, पण ह्या खुणेबाहेर. कोणी म्हणेल, वाचकाला असल्या रेघांचा जाच होईल. कँडींच्या चिन्हांचाही झाला असेल. आज ती नसलेले पान आपल्याला वाचवत नाही.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली. ह्या वेळी मी प्रोग्रॅम भाच्याकडून तपासून घेतले, प्रत्येकाच्या वर आणि खाली लाल शाईने रेघ मारली आणि समासात लिहिले की ह्या दोन रेघांमधील कशालाही, कोऱ्या जागेलाही, कोणी हात लावू नये. मुद्रिते परत आली तेव्हा प्रोग्रॅम जसेच्या तसे होते. ओळींआधीच्या जागा मी पट्टीने मोजल्या. त्या शिक्षकांना मी स्वतंत्र पत्र लिहून पहिल्या आवृत्तीतील चुका माझ्या होत्या, मुलांच्या नव्हत्या, असे कळविले आणि ते पत्र वर्गात वाचून दाखवावे अशी विनंती केली. त्यांचे उत्तर आले आहे. त्या मुलांपैकी बहुतेक आता वरच्या शाळेत, तालुक्याच्या गावी गेली आहेत.